रीफ टँकची यंत्रं पाहून धडकी भरते? खान्देशात खरी परीक्षा मात्र मे महिन्याची

प्रवाळं आणि समुद्री मासे घरात ठेवण्याचा छंद महागड्या यंत्रांमुळे अवघड वाटतो. यातली कोणती यंत्रं खरंच लागतात, कोणतं काम हाताने भागतं आणि समुद्रापासून दूर असलेल्या असोद्यासारख्या गावात नेमकं कुठे अडतं?

मोबाईलवर एक रील समोर येते. निळसर उजेडात डोलणारी प्रवाळं आणि त्यांच्यातून ये-जा करणारे केशरी-पांढरे क्लाऊनफिश. पुढच्या दृश्यात टाकीखालचं कपाट उघडतं आणि पाहणाऱ्याचा उत्साह मावळतो. आत पाईपांचं जाळं, फेसाने भरलेली उभी नळी, चार-पाच पंप, लुकलुकणारे दिवे आणि मोबाईलवर पाण्याच्या तापमानाचा आलेख. 'हे आपलं काम नाही' म्हणत बोट पुढच्या रीलकडे सरकतं.

जळगावजवळच्या असोद्यात बसून ही रील पाहणाऱ्याला तर ही गोष्ट आणखी दूरची वाटेल. भरताच्या वांग्यांसाठी आणि बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव मुंबईच्या समुद्रापासून रस्त्याने ४०० किलोमीटरहून लांब आहे. तरीही समुद्राचं अंतर आणि यंत्रांची गर्दी हे या छंदातले सर्वात मोठे अडथळे नाहीत.

रीफ टँक म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या फिशटँकमध्ये गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, गोल्डफिश असतात. रीफ टँकमध्ये समुद्राइतकं खारं पाणी आणि प्रवाळं असतात. प्रवाळ हा दगड किंवा वनस्पती नसून प्राणी आहे. अनेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला वाटा प्रवाळाला देतं. म्हणून अशा टाकीत प्रकाशाला एवढं महत्त्व असतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांसाठी टाकीचं तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवतात. दगडासारखा सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांना पाण्यात ४०० ते ४५० पीपीएम कॅल्शियमही लागतं. समुद्र अफाट असल्याने हे आकडे तिथे सहसा झटकन बदलत नाहीत. १०० लिटरच्या टाकीत ते एका दुपारीत बदलू शकतात. सगळी यंत्रं हा बदल रोखण्यासाठीच असतात.

यंत्रांशिवाय हे कुणाला जमलं होतं का?

जमलं होतं, तेही वीज घरोघरी पोहोचण्याआधी. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज महिलेने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळं लंडनला आणली. पाणी ताजं राहावं म्हणून घरातली मोलकरीण ते रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची. पुढे त्यात समुद्री वनस्पती ठेवल्या. प्रवाळं जवळपास तीन वर्षं टिकली. आज हवेचा पंप करतो ते काम तेव्हा त्या मोलकरणीच्या हातांनी केलं.

समुद्र जवळ नसण्यावरही तोडगा निघाला. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५० च्या दशकात क्षार मिसळून कृत्रिम समुद्री पाणी तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. आज बाजारात मिळणारं समुद्री मीठ हे त्याचंच सुधारित रूप आहे. १०० लिटर पाण्यासाठी ते सुमारे साडेतीन ते चार किलो लागतं. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम यांसारखे घटक योग्य प्रमाणात नसतात.

जकार्ताच्या ली चिन एंग यांची पद्धत १९६१ मध्ये जगासमोर आली. जिवंत जिवाणू आणि सूक्ष्मजीव असलेले समुद्रातले खडक, सूर्यप्रकाश, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते प्रवाळं वाढवत. मात्र जकार्ताचं हवामान प्रवाळांना मानवणारं आहे आणि समुद्र शेजारी आहे. जागा बदलली की निसर्ग जे फुकट देत होता, ते यंत्राकडून विकत घ्यावं लागतं.

कोणता डबा काय करतो?

कपाटातली यंत्रं पाहताना प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. याचं काम काय? ते हाताने होतं का? आणि हे बंद पडलं तर काय होईल?

• प्रोटीन स्किमर: डाळ शिजताना वर फेस येतो, तसाच फेस बारीक बुडबुड्यांनी तयार करून पाण्यातली सेंद्रिय घाण बाहेर काढतो. टाकी छोटी, मासे मोजके आणि दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदललं तर याशिवायही भागतं.

• ऑटो टॉप-ऑफ: बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरतो. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १०० लिटरच्या टाकीतून पाच लिटर पाणी उडालं तर क्षार लिटरमागे ३५ वरून जवळपास ३७ ग्रॅमवर जातात. त्यामुळे भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. टाकीवर खूण करून सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घातलं तरी हे काम होतं.

• डोसिंग पंप: प्रवाळांनी वापरलेलं कॅल्शियम आणि क्षारता थेंबाथेंबाने भरून काढतो. सुरुवातीच्या टाकीत नियमित पाणी बदलणं सहसा पुरतं.

• वेव्हमेकर: पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप. याला पर्याय नाही.

• एलईडी लाईट: प्रवाळं ठेवायची तर आवश्यक. फक्त मासे ठेवायचे असतील तर साधा दिवाही चालतो.

• कंट्रोलर: सगळ्या आकड्यांवर नजर ठेवून मोबाईलवर इशारा देतो. सोय मोठी आहे, पण थर्मामीटर, क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि एक वही घेऊनही सुरुवात होते.

• चिलर: पाणी थंड करतो. खान्देशात खरी अडचण इथून सुरू होते.

ठिबकवाल्या शेतकऱ्याला यात नवीन काय?

जळगाव जिल्ह्यात केळीचं ठिबक सांभाळणाऱ्याला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. सॅण्ड फिल्टर पाणी गाळतो, व्हेंचुरीतून विद्राव्य खत जातं, ईसी मीटर क्षार मोजतो, पीएच मीटर आम्लता दाखवतो आणि टायमर ठरल्या वेळी वॉल्व्ह उघडतो. डोसिंग पंप म्हणजे टाकीतलं फर्टिगेशनच. रात्री-बेरात्री शेतात पाणी भरायला जाण्याचे कष्ट ठिबकच्या ऑटोमेशनने कमी केले, तसे रीफ टँकची यंत्रं रोजचे कष्ट कमी करतात.

ठिबक लावलं म्हणून शेती कळली असं होत नाही, हेही शेतकऱ्याला माहीत असतं. टाकीचंही तसंच आहे. माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य नायट्रेट करतात. हे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. घाई करून पहिल्याच आठवड्यात मासे सोडणाऱ्याला कितीही महाग कंट्रोलर वाचवू शकत नाही.

मग खान्देशात अडतं कुठे?

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीतलं टाकीचं पाणी तेव्हा ३० अंशांच्या सहज पुढे जातं. समुद्रातली प्रवाळंसुद्धा, नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद अंशाने अधिक काही आठवडे राहिलं, तर आतलं शैवाल गमावून पांढरी पडू लागतात.

इथे खान्देशची कोरडी हवा थोडी मदत करते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने टाकीच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की पाणी थंड होतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते, ती १०० लिटर पाणी पाच अंशांहून अधिक थंड करण्याइतकी असते. बाहेरून उष्णता येतच राहते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो. शिवाय पाणी झपाट्याने उडतं आणि टॉप-अपचं काम वाढतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरसारखाच हा उपायही ढेपाळतो.

म्हणजे मार्च-एप्रिल पंख्यावर निघेल, पण मे महिन्यात चिलर किंवा एसीची खोली लागेलच. जागेची निवडही महत्त्वाची. पत्र्याच्या खोलीपेक्षा धाब्याच्या घरातली आतली, ऊन न येणारी खोली कितीतरी बरी.

दुसरी अडचण विजेची. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन सुमारे २० टक्के कमी विरघळतो आणि पाणी तापलं की आणखी कमी होतो. भर दुपारी लाईट गेली, पाणी थांबलं, की काही तासांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात. १०-१५ वॉटचा वेव्हमेकर घरातल्या इन्व्हर्टरवर तासन्‌तास चालू शकतो. चिलर मात्र बराच जास्त भार घेतो. त्यामुळे पैसे मोजके असतील तर मोबाईलवर आलेख दाखवणाऱ्या कंट्रोलरआधी इन्व्हर्टर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेणं शहाणपणाचं.

यंत्रं वाढवली की धोका कमी होतो का?

नेहमीच नाही. टॉप-ऑफचा सेन्सर अडकला तर तो रात्रभर गोडं पाणी ओतत राहतो. डोसिंग पंपाची मात्रा चुकली तर कॅल्शियमचा साका बसतो. यंत्र माणसाची रोजची नजर हटवतं आणि बिघाड उशिरा कळतो. म्हणून आधी काही महिने हाताने काम करावं आणि पाण्याचा स्वभाव कळला की एकेक यंत्र आणावं.

'छोटी टाकी म्हणजे सोपी टाकी' हाही गैरसमज आहे. २० लिटर पाणी लवकर तापतं, लवकर खारट होतं आणि एका मेलेल्या माशाने बिघडतं. १०० ते १५० लिटरची टाकी नवशिक्याच्या चुका अधिक पोटात घालते.

कायदा काय सांगतो?

हा भाग रीलमध्ये दिसत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्री पंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाईप प्रवाळ यांचा समावेश आहे. म्हणजे ही प्रवाळं आणि वाघ कायद्याच्या एकाच परिशिष्टात आहेत. ती भारतीय समुद्रातून काढणं, विकणं किंवा विकत घेणं हा तीन ते सात वर्षं कैदेचा गुन्हा ठरू शकतो. समुद्री घोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे.

हा कायदा सरकारी प्रकल्पांनाही लागू होतो. २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळी इथल्या १८ प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी हे काम केलं. तेव्हा मालवणच्या सहलीत सापडलेला प्रवाळाचा तुकडा टाकीसाठी पिशवीत टाकणं म्हणजे थेट अडचणीला आमंत्रण. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे.

परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी जिवंत प्रजाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी आली आहे. विक्रेता 'सगळं कायदेशीर आहे' म्हणाला तरी आयातीची कागदपत्रं आणि पक्कं बिल मागावं. शंका असेल तर खरेदीआधी वन विभागाकडे विचारणा करावी.

सुरुवात करायचीच असेल तर?

सर्वात सुरक्षित वाट म्हणजे प्रवाळांशिवाय खाऱ्या पाण्याची टाकी. समुद्रातल्या खडकाऐवजी कृत्रिम सिरॅमिक खडक आणि हॅचरीत जन्मलेली क्लाऊनफिशची जोडी. हे मासे आता देशातच तयार होतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलं आहे. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठाननेही हॅचरी उभी केली आहे. हॅचरीतला मासा टाकीत लवकर रुळतो आणि समुद्रातून एक मासा कमी पकडला जातो.

पाण्यासाठी बोअरचं जड पाणी टाळावं. आरओच्या जारचं पाणीही टीडीएस मीटरने तपासावं, कारण चवीसाठी त्यात काही क्षार ठेवलेले असतात. टाकी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावी. म्हणजे उन्हाळ्याआधी शिकायला चार-पाच महिने मिळतात. पहिला मे महिना फक्त माशांसह निभावला, तरच कायदेशीर मार्गाने मिळणाऱ्या प्रवाळांचा विचार करावा.

मे महिन्यात चिलर चालवायची आणि लाईट गेल्यावर पाणी हलतं ठेवायची तयारी नसेल, तर गोड्या पाण्याची टाकी लावण्यात कमीपणा नाही. तयारी असेल, तर कपाटातल्या बाकीच्या डब्यांना घाबरण्याचं कारण नाही. त्यातले बरेचसे नंतर, एकेक करून घेता येतात.