जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी हे वाचा

शिरूर-दौंड परिसरातल्या मित्रमैत्रिणींनो, विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरातला, दुकानातला किंवा शाळेतला जुना पीसी विंडोज ११ घेत नसेल, तर लगेच नवा घेऊ नका. विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टीम मोफत आहे, तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तिला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असेल तर उत्तम. जुन्या मशीनसाठी हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. हार्डडिस्कला हात न लावता हे तपासता येतं:

✅ वायफाय, आवाज, वेबकॅम
✅ प्रिंटर: छपाई सीयूपीएस हे सॉफ्टवेअर सांभाळतं, तेच ॲपलच्या मॅकमध्येही आहे. एचपी स्वतः एचपीलिप हा मुक्त ड्रायव्हर देते.
✅ स्कॅनर: तो सेन हे सॉफ्टवेअर सांभाळतं
✅ मराठी: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट ही मांडणी निवडा, लिब्रेऑफिसमध्ये युनिकोडमध्ये टाइप करा.

⚠️ झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीवर चालतो. लिनक्सवर त्याला जास्त खटपट लागते. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. बोटांचे ठसे घेणारं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल, तर कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, हे आधी विचारा.

इन्स्टॉल करण्यापूर्वी फोटो, सातबारा, बिलं यांचा बॅकअप घ्याच. तुमच्या प्रिंटरचं मॉडेल कमेंटमध्ये लिहा, मिळून मार्ग काढू.