15 जूनच्या आधी

आमचं हायस्कूल जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात आहे. खाजगी अनुदानित, आठवी ते दहावी. आसपासच्या गावांतल्या आणि बंजारा तांड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंत. सातवीचा निकाल लागला की लेकराचं तिथलं नाव संपतं, आणि आमच्याकडं नाव पडेपर्यंत ते कुठल्याच शाळेचं नसतं. मला हे मधले दिवस सगळ्यात धोक्याचे वाटतात. दहावीला नापास झालेली मुलगी निकालात तरी दिसते. सातवीनंतर घरी राहिलेली कुठंच दिसत नाही. म्हणून जूनचा दुसरा आठवडा, शाळा उघडायच्या आधीचा, आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात कामाचा. त्यातला हा एक दिवस.

सकाळी 6. मृग लागला की तांड्यावर आठनंतर कुणी भेटत नाही. पाऊस झाला असेल तर सगळे सरकी लावायला जातात. त्यामुळं गाठायचं ते सहालाच. सोबत एक सहकारी सर आणि त्याच तांड्यावरची आमची दहावीतली मुलगी. तिचं येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. घरातल्या आज्यांना मराठी कळतं, पण मनातलं बोलायचं तर त्या गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीतच बोलतात, आणि खऱ्या अडचणी त्या बोलण्यातच निघतात.

पहिल्याच घरी वडील म्हणाले, ‘‘मॅडम, शिकवायची नाही असं नाही. पण चार किलोमीटर रस्ता, मधी ओढा. एकटी पोर कशी धाडावी?’’

अशा वेळी शिक्षणाचं महत्त्व सांगत बसू नये. ते त्यांना माहीत आहे. बारा महिने दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या माणसाला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांनी रस्त्याचं विचारलं, तर उत्तर रस्त्याचंच द्यावं. आमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात आहे. आठवी ते बारावीच्या ज्या मुली शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहतात त्यांना सायकलीसाठी अनुदान आहे, आणि लांबच्या मुलींना मानव विकासच्या निळ्या एसटीतून मोफत प्रवास. अनुदान बँक खात्यावर येतं, म्हणून मुलीचं खातं आधी उघडायचं, त्याला आधार जोडायचं. हे सगळं जून महिन्यात होत नाही. मग सायकल येईपर्यंत काय? त्याचं उत्तर योजनेत नाही, तांड्यावर आहे. यंदा इथून किती मुली येणार हे आम्ही तिथंच ओट्यावर बसून मोजलं. नववी-दहावीच्या धरून सहाजणी निघाल्या. सकाळी कुठं जमायचं, कुणाच्या दारावरून निघायचं, हे त्यांच्या आयांनीच ठरवलं. ओढ्याला पाणी आलं तर त्या दिवशी निघायचं नाही, फक्त फोन करायचा. बुडालेला अभ्यास भरून काढणं आमचं काम. वडील एवढंच म्हणाले, ‘‘सहाजणी असल्या तर जमंल.’’

साडेआठ. तांड्यावरच्या शाळेत गुरुजी दाखले तयार करून बसले होते. दाखल्यांपेक्षा मला त्यांचं बोलणं जास्त हवं असतं. कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, कुणाची आई गेल्या वर्षी वारली, कोण गणितात हुशार आहे पण चारचौघांत तोंड उघडत नाही, कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात. सात वर्षं ज्यांनी लेकरू पाहिलं त्यांना हे सगळं तोंडपाठ असतं, आणि दाखल्यावर यातलं काहीच येत नाही. मी वहीत उतरवून घेते आणि वर्गशिक्षकांना देते.

साडेदहा. कार्यालयात प्रवेश सुरू. इथं घाई करायची नाही, हा माझा हट्ट आहे, आणि रांग वाढली तरी मी तो सोडत नाही.

कारण जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेशाची मूळ नोंदवही. आज त्यात जे नाव, जी जन्मतारीख लिहिली जाईल तीच पुढं दहावीच्या प्रमाणपत्रावर जाईल, आणि जी जात लिहिली जाईल ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, एका ठिकाणी सासरचं, हे आमच्याकडं रोजचं आहे. मुलगा शाळेत असेपर्यंत पुरावा जोडून, शिक्षण खात्याची मंजुरी घेऊन दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्यावर हेच काम कितीतरी अवघड होऊन बसतं. म्हणून मी दाखला पालकांच्या हातात देते आणि वाचून दाखवते: हे नाव बरोबर? ही तारीख बरोबर? ज्यांना वाचता येत नाही त्यांना दोनदा. एका आईनं आज थांबवलं, ‘‘पोर पोळ्याला झाली, मॅडम, हे तर जूनमधलं लिहिलंय.’’ पूर्वी वय नीट माहीत नसलं की जूनमधलीच कुठली तरी तारीख टाकून द्यायची पद्धत होती, तिच्या खुणा अजून सापडतात. जन्माचा दाखला ग्रामपंचायतीतून काढायला सांगितला. प्रवेश मात्र आजच दिला. वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, असं 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. ‘कागद आणा, मग बघू’ असं ऐकून परत गेलेली मजूर बाई पुन्हा येईलच असं नसतं. तिची एक दिवसाची रोजी त्या फेरीत गेलेली असते.

जातीच्या दाखल्याचंही इथंच सांगते. बंजारा समाज विमुक्त जातींत येतो, आणि जात पडताळणीला 21 नोव्हेंबर 1961च्या आधीची नोंद किंवा वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. पणजोबा शाळेत गेलेले नसतात. मग खासरा, सातबारा, कोतवाल बुकातली नोंद, जे सापडेल ते. बारावीनंतर प्रवेशाच्या धावपळीत हे शोधायला निघालेली मुलं मी रडताना पाहिली आहेत. आठवीत सुरुवात केली तर हातात चार-पाच वर्षं असतात.

साडेबारा. पालकांची बैठक. वर्गात, बाकांवर, म्हणजे त्यांनाही कळतं आपलं लेकरू कुठं बसणार. भाषण नाही. हार-नारळ नाही. मी आधी पैशाचं सांगते, कारण सगळ्यांच्या मनात तेच असतं आणि विचारायला संकोच वाटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणवेश मिळत होता. अनुदानित शाळेत तो मिळत नाही, घ्यावा लागेल. जुनाही चालेल. दहावी होऊन गेलेल्या मुलांचे धुतलेले गणवेश आम्ही कपाटात ठेवतो, बैठक संपल्यावर मागच्या दारानं घेऊन जा, कुणी बघणार नाही. आठवीची पुस्तकं मोफत मिळतील. दुपारचं जेवणही आठवीपर्यंत आहे; सरकारी हिशेबात या वयाला दिवसाला 150 ग्रॅम धान्य धरलेलं आहे. नववीपासून दोन्ही थांबतं. हे आज सांगितलं नाही तर पुढच्या जूनला घरात अचानक खर्च उभा राहतो आणि शाळा सुटते. एक वर्ष आधी कळलं तर माणूस सोय लावतो.

मिळकतीच्या बाजूचंही सांगायला हवं. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलगा निवड यादीत आला, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा म्हटल्यावर मागच्या बाकावरचे एक काका उठून म्हणाले, ‘‘हे आमच्या थोरल्याच्या वेळी कुणी बोललंच नाही.’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो राग असायला हवा होता असं वाटलं.

मग उसाचं. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. आठवीचं जवळजवळ अर्धं वर्ष त्यात जातं. मी ऑक्टोबरची वाट पाहत नाही, जूनमध्येच विचारते: तुम्ही गेल्यावर लेकरू कुणाजवळ राहील? आजी आहे का, चुलती आहे का? हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर ठेवाल का? सोबत न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, जिथं जाल तिथल्या शाळेत ते दाखवा. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे. मागं एकटी कशी ठेवायची या काळजीनं तेरा-चौदाव्या वर्षी लग्नं लावली जातात, नवराबायकोचा एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी, म्हणून नवी उचलही मिळते. कायदा 18 वर्षांचा आहे आणि 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर मी फळ्यावर लिहिते. पण नंबर लिहून भागत नाही. आईला ‘दिवाळी ते पाडवा पोर सुरक्षित कुठं राहील’ याचं पटेल असं उत्तर मिळालं तर ती स्वतःच लग्नाला नाही म्हणते. ते उत्तर शोधायला आमच्याकडं आजपासून चार-साडेचार महिने आहेत.

दुपारी अडीच. पालक शेताकडं गेले, मुलं राहिली. त्यांना शाळा दाखवायचं काम आम्ही शिक्षक करत नाही, दहावीतल्या मुली-मुलांना देतो. मी मागं उभी राहून ऐकते. मुलांनी काय काय विचारलं! तास बदलला की आपण वर्ग बदलायचा की सर येणार? आठ तासांची आठ पुस्तकं रोज आणायची का? इंग्रजीच्या सरांना मराठीत विचारलं तर चालतं का? गोरमाटीत बोललं तर मारतात का? या शेवटच्या प्रश्नावर आमची तांड्यावरची मुलगी त्याला गोरमाटीतच काहीतरी बोलली आणि तो हसला. मला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती.

मुलींना ती वेगळं घेऊन गेली: स्वच्छतागृह कुठलं, आतून कडी कुठल्या दाराची नीट लागते, पॅड कुणाकडं मागायचं, तासाला मध्येच जायचं असेल तर सरांना काय सांगायचं. पाळी सुरू झाल्यावर शाळेत नेमकं काय करायचं हे माहीत नसलं की मुली महिन्याचे चार दिवस घरी बसतात. बाकी ओळखीला महिनाभर लागला तरी चालेल, हे पहिल्याच दिवशी कळायला हवं.

चार. थोडं वाचन, थोडा भागाकार. गुण लिहीत नाही, नावापुढं खूण करते. पहिल्या आठवड्यात कुणालाही ‘कच्चा’ म्हणायचं नाही असं आम्ही शिक्षकांनी ठरवलेलं आहे. नव्या इमारतीत, अनोळखी माणसांसमोर, परक्या भाषेत येणारा भागाकारही चुकतो.

साडेपाच. यू-डायस प्लस, म्हणजे शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद. सातवी झालेली मुलं आधीच्या शाळेतून निघाली की तिथल्या ड्रॉपबॉक्समध्ये जातात. पेन, म्हणजे प्रत्येक मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, आणि जन्मतारीख टाकून त्यांना आपल्या शाळेत ओढून घ्यायचं असतं. पटावर आमच्या शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळं सगळीच हायस्कुलं मुलांमागं धावतात, हे खरं आहे. पण मला त्या यादीचा दुसरा उपयोग वाटतो. आसपासच्या शाळांच्या सातवीच्या याद्या गुरुजींनी दिलेल्या असतात. त्यातलं कोण आमच्याकडं आलं, कोण दुसऱ्या हायस्कुलात गेलं, हे फोन करून जुळवत गेलं की शेवटी काही नावं उरतात. ती कुणीच ओढून घेतलेली नसतात. आज त्यात दोन मुली आणि एक मुलगा आहे. मुलगा जालन्याला गॅरेजवर लागलाय असं कळलं. उद्या सकाळी सहाला त्याच्या घरी.

रात्री आठ. फोन. निळी बस किती वाजता? जुनी वही संपलेली नाही, तीच आणली तर चालेल का? एका आईनं विचारलं, ‘‘आमचं पोरगं रातीचं झोपंना, शाळा मोठी हाय म्हनतंय. काय करू?’’ त्याला फोनवर घेतलं, वर्ग कुठला, बाक कुठला, शेजारी कोण, सगळं सांगितलं.

साडेनऊ. तुकड्यांच्या याद्या. मुख्याध्यापक सरांचं म्हणणं, गुणांप्रमाणं समान वाटणी करू. ते योग्यच आहे, पण त्यात तांड्यावरच्या दोघी वेगळ्या तुकड्यांत गेल्या होत्या. मी सरांना फोन केला. एकीला ‘अ’मध्ये एकटी टाकली तर ती जुलैपर्यंत टिकणार नाही, दोघींना ‘ब’मध्ये ठेवू, सहामाहीनंतर हवं तर बदलू. सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘‘ठेवा. आणि बाकपण एकच द्या.’’