रक्तातले शिसे मोजून घ्या



काही वर्षांपूर्वी विहारातल्या आरोग्य शिबिरात एक आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "ताई, चार महिने आयर्नचं सिरप देतेय, पण रक्त काही वाढत नाही. सारखं पोट दुखतं म्हणतो, चिडचिड करतो." वडील काय काम करतात, असे मी विचारले. ती म्हणाली, "जुन्या बॅटऱ्या फोडतात. कधी कधी घरी आणूनही फोडतात." हिमोग्लोबिन तीनदा तपासले होते. शिसे एकदाही कोणी मोजले नव्हते.

शिशाचा शरीराला काहीच उपयोग नाही. पण शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवून ठेवते. शिसे रक्त तयार होऊ देत नाही आणि वाढत्या मेंदूला इजा करते. पोटात गेलेले शिसे लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट जास्त शोषते. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचते. वर्गात मागे पडणाऱ्या आपल्या पोरांना 'ढ' म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. अशा एखाद्या पोराच्या रक्तात विष आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

मोजतात कसे?

रक्त तपासायला देताना जांभळ्या टोपणाची नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात ईडीटीए नावाचे रसायन असते. ते धातूच्या कणाला खेकड्यासारखे पकडून ठेवते. रक्तातले कॅल्शियम असे पकडले गेले की रक्त गोठत नाही. पाण्याचा जडपणाही याच ईडीटीएने मोजतात. पाण्यात एक रंग टाकला की ते लालसर होते. मग त्यात थेंब थेंब ईडीटीए सोडतात. पाणी निळे झाले की थांबतात. किती ईडीटीए लागले, त्यावरून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती ते निघते.

रक्तातले शिसे मात्र फार थोडे असते. ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तिथे थेंब मोजून भागत नाही. त्यासाठी रक्ताचा थोडासा नमुना ग्राफाइटच्या छोट्या नळीत दीड-दोन हजार अंशांपर्यंत तापवतात. शिशाचे अणू सुटे होतात. हे अणू ठरावीक प्रकाशच शोषतात. जितका प्रकाश शोषला जाईल तितके शिसे जास्त. आधी माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने लावून यंत्र पडताळून घेतात, जसा दुकानदाराचा काटा खऱ्या वजनाने तपासावा तसा. मोठ्या प्रयोगशाळांत याहूनही बारीक मोजणारी यंत्रे आहेत.

तपासणी करताना

* नेहमीच्या सीबीसीमध्ये शिसे कळत नाही. डॉक्टरांकडून 'ब्लड लेड' ही तपासणी वेगळी लिहून घ्या. घरातले काम काय आहे ते त्यांना स्पष्ट सांगा.
* बोट टोचून रक्त घेणार असतील तर आधी हात साबणाने स्वच्छ धुवा. बोटावरच्या धुळीतले शिसे मिसळले तर आकडा खोटा वाढतो. असा वाढलेला आकडा शिरेतल्या रक्ताने पुन्हा तपासून घ्यावा.
* शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे निघाले तर ते कुठून येते हे शोधून थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे. मुलांमध्ये ४५ किंवा वर गेले तर रुग्णालयात औषध द्यावे लागते.
* त्या औषधांतही ईडीटीएचा एक प्रकार आहे. पण 'शरीर शुद्ध करणारे' इंजेक्शन म्हणून कुणाकडून ते टोचून घेऊ नका. चुकीचा प्रकार दिला तर रक्तातले कॅल्शियम एकदम उतरून जीव जाऊ शकतो.

घरात काय करावे?

काम सोडा, असे सांगणे सोपे आहे. चूल कशी पेटणार? पण बॅटरी घरात किंवा अंगणात फोडू नका. कामाचे कपडे बाहेरच बदला, वेगळे धुवा आणि मगच लेकराला उचला. कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नका, काही सुरम्यांत शिसेच असते. भडक पिवळी सुटी हळद टाळा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. नाचणी, पालेभाज्या, डाळी आणि वर लिंबू, असे रोजच्या जेवणात असू द्या.

कामगारांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४८ च्या कारखाना कायद्याने नोंद करणे बंधनकारक असलेल्या आजारांची यादी दिली, तिच्यात शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर होती. रक्ताचा रिपोर्ट हातात असेल तर मालकाशी बोलता येते. नुसते "बरं वाटत नाही" म्हटले तर कोणी ऐकत नाही.

त्या मुलाचे शिसे मोजले तेव्हा ते वाढलेलेच निघाले. वडिलांनी बॅटऱ्या घरी आणणे बंद केले. पुढच्या तपासण्यांत आकडा हळूहळू उतरत गेला.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. आपल्या वस्तीत बॅटरी, भंगार, रंगकाम किंवा झाळकामाची किती घरे आहेत, याची यादी येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात बसून करा. त्या घरांतल्या लहान मुलांची आणि गरोदर बायांची तपासणी आधी करून घ्या.