टिपणवही कोणाची ?

आपल्या घराण्यांतून लिहून ठेवण्याची हौस कांहीं नवी नाहीं. जुन्या माजघरांतील फडताळ उघडलें तर एखादें बाड हटकून सांपडे. त्यांत आरत्या, श्राद्धतिथि, खोकल्यावरील काढा, कोणास किती उसने दिले त्याची याद आणि मधूनच कोणा मावशीची अनारशांची कृति, असा सारा संसार एका दोऱ्यांत ओंवलेला असे. त्या हौसेनें आतां संगणकाचें रूप घेतलें आहे, आणि ती पूर्वीपेक्षां बळावलीही आहे. आमच्या ओळखीचे कित्येक सुशिक्षित तरुण टिपणें लिहिण्यापेक्षां तीं ठेवण्याचीं साधनें पालटण्यांतच अधिक रमतात. आज हें उत्तम, उद्यां तें उत्तम, हा त्यांचा वाद जेवणाच्या पानावरही थांबत नाहीं. त्यांना हंसण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. चांगलें शाईचें पेन मिळालें म्हणजे अक्षर आपोआप सुधारेल, अशी समजूत आमच्या पिढीचीही होतीच.

ह्या हौसेला वंशावळही थोर आहे. १९४५ च्या जुलै महिन्यांत व्हॅनेव्हर बुश ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें 'अटलांटिक' मासिकांत 'मेमेक्स' नांवाच्या एका काल्पनिक मेजाचें वर्णन केलें. मनुष्याचीं सारीं पुस्तकें व पत्रें सूक्ष्म फिल्मवर त्या मेजांत राहावीं, आणि एका पानापासून दुसऱ्या संबंधित पानाकडे त्याला क्षणांत जातां यावें, अशी ती योजना होती. मेज कधींच तयार झालें नाहीं. कल्पना मात्र टिकली. जर्मनींतील समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) यांनीं तर यंत्रावांचूनच तें काम साधलें. लांकडी खणांत त्यांनीं आयुष्यभरांत सुमारें ९०,००० चिठ्ठ्या जमविल्या. प्रत्येक चिठ्ठीस क्रमांक असे, मधल्या विचाराला फांटा फुटला कीं क्रमांकापुढें अक्षर जोडून नवी चिठ्ठी तेथेंच बसवीत, आणि एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक टांकीत. विषयवारी लावण्याचा खटाटोप त्यांनीं टाळला. ह्या पेटीशीं आपला संवाद चालतो, असें त्यांनीं १९८१ सालीं एका लेखांत गंभीरपणें लिहिलें आहे. आजचीं बहुतेक नवीं टिपणसाधनें ह्याच पेटीचीं नातवंडें होत.

परंतु साधनाचें रूप पाहण्यापूर्वीं आम्ही एकच गोष्ट विचारतों : लिहिलेला मजकूर राहतो कोठें ? कांहीं साधनांत तो दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकांत राहतो. सोय मोठी, फोनवर लिहावें, घरीं वाचावें. पण घर दुसऱ्याचें, आणि तेथील नियमही दुसऱ्याचे. गूगलनें २००६ सालीं काढलेली 'नोटबुक' ही सेवा २०१२ त मिटविली. त्या वेळीं मजकूर दुसरीकडे हलवून देण्याचें सौजन्य दाखविलें, हें खरें. 'एव्हरनोट' ह्या लोकप्रिय साधनानें २०२३ च्या डिसेंबरांत फुकट वापरणारांस पन्नास टिपणें व एक वही एवढीच मर्यादा घातली. धंदा करणाराला हा अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार नाहीं. मात्र आजीचें बाड दुकानदाराच्या फळीवर ठेवावें काय, हा विचार ठेवणारानें करावा.

दुसरा प्रकार साध्या मजकुराचा. जॉन ग्रुबर यांनीं २००४ सालीं 'मार्कडाउन' नांवाची लेखनरीति प्रसिद्ध केली. तींत ठळक करावयाच्या शब्दाच्या दोन्ही अंगांस दोन दोन तारे आणि मथळ्यापूर्वीं '#' ही खूण, असा सरळ व्यवहार आहे; यंत्र बिघडलें तरी माणसाला तो मजकूर वाचतां येतो. २०२० त निघालेलें 'ऑब्सिडियन' हें साधन अशाच फाइली आपल्याच संगणकावर ठेवतें आणि दुहेरी चौकटी कंसांत दुसऱ्या टिपणाचें नांव लिहिलें कीं लूमानसाहेबांच्या क्रमांकासारखा दुवा जोडून देतें. त्याची अंतर्रचना मात्र खुली नाहीं. सर्वस्वीं खुलें हवें असेल त्यानें 'जॉप्लिन' पाहावें, किंवा कार्स्टेन डोमिनिक ह्या ज्योतिर्विदानें २००३ सालीं सुरू केलेला 'ऑर्ग-मोड' शिकावा. तो शिकण्यास व्याकरणापेक्षां अवघड आहे, एवढें सांगून ठेवतों. खुलेपणाची ही आवड मुलांना खेळांतूनही लागते. 'वाल्व्ह' कंपनीनें २०२२ च्या फेब्रुवारींत विक्रीस आणलेला 'स्टीम डेक' हा हातांत धरण्याचा खेळसंगणक लिनक्सवर चालतो, आणि त्याच्या बाह्य कवचाचे आराखडेही कंपनीनें प्रसिद्ध केले. ज्या मुलानें तो एकदां उघडून पाहिला, तो आपली वही बंद कुलपांत ठेवावयास सहसा राजी होत नाहीं.

मराठी घरांना ह्या प्रश्नाची झळ इतरांहून अधिक लागली आहे. १९९० नंतरच्या काळांत मराठी टंकलेखन होई तें निरनिराळ्या फॉन्टांच्या जोरावर. संगणकाच्या दृष्टीनें तेथें रोमन अक्षरेंच असत. फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. मुखवटा गेला कीं खालीं अर्थहीन रोमन अक्षरांची रास उरे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत सासूबाईंनीं १९९८ सालीं आपली पाककृतींची वही एका टंकलेखकाकडून अशीच उतरवून घेतली. मूळ वही पुढें पावसाच्या गळतींत गेली. सासूबाईही गेल्या. पुष्कळ वर्षांनीं सूनबाईंनीं फाइल उघडली, तों पडद्यावर एकही मराठी अक्षर नाहीं !

सुदैवानें अशा फॉन्टांतून युनिकोडमध्यें परिवर्तन करणारीं साधनें मिळतात. त्यांतून मजकूर बराचसा परत आला. जोडाक्षरें ठेंचकाळलीं होतीं, तीं दोन संध्याकाळींत नीट झालीं. अडलें तें मापांवर. पाव, अर्धा, पाऊण यांसाठीं टंकलेखकानें फॉन्टांतील खास चिन्हें वापरलीं होतीं, आणि परिवर्तकानें त्या सर्वांच्या जागीं सारखेंच प्रश्नचिन्ह ठेवलें होतें. भाजणींत धने पाव वाटी कीं पाऊण, हें फाइल सांगेना. सूनबाईंनीं तीन वेळां भाजणी केली, आणि तिसऱ्या खेपेच्या थालिपिठांचा घांस घेऊन सासऱ्यांनीं मान डोलविली तेव्हां तेथें 'अर्धी' असें लिहिलें.

युनिकोडनें हा गोंधळ पुष्कळ निस्तरला. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरी होती, आणि २०१४ त मोडीलाही स्थान मिळालें. तरी सर्व कुशल आहे असें नव्हे. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतील अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनीं टंकित होतो; 'अॅ' हा स्वरही दोन तऱ्हांनीं उमटतो, कारण त्याचें स्वतंत्र 'ॲ' हें अक्षर २००८ सालीं आलें. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला निराळे. म्हणून 'तऱ्हा' शोधली आणि सांपडली नाहीं, तर टिपण हरवलें असें समजूं नये. शेजारच्या शब्दानें शोधावें.

जागेची काळजी तर करूंच नये. प्रचलित पद्धतींत रोमन अक्षराला एक बाइट लागतो तेथें देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, हें खरें. तथापि तीनशें पानांचें पुस्तकही फोननें काढलेल्या एखाद्या छायाचित्राएवढ्या जागेंत मावतें. वर सांगितलेल्या कुटुंबानें आतां साध्या मजकुराच्या फाइली केल्या आहेत. एक प्रत घरच्या संगणकावर, एक मुलीकडे परगांवीं, आणि दर दिवाळीपूर्वीं एक कागदावर छापून फडताळांत. मापें तेवढीं अक्षरांत लिहितात.