उष्ण कटिबंधातील माती व पाण्यातील रोगकारक जिवाणूंचा शोध : मेलिऑयडोसिसच्या संदर्भात

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव दगडी कोळशाची खाण व चुनाभट्ट्या यांसाठी परिचित आहे. सभोवतालच्या काळ्या जमिनीत कपाशी घेतली जाते. अशा गावांत पाणी तपासणे म्हणजे ई. कोलाय जिवाणूची तपासणी, असा सर्वसाधारण समज आढळतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात हा जिवाणू आढळता कामा नये. तथापि, ई. कोलाय हा विष्ठाजन्य प्रदूषणाचा निदर्शक होय. मुळातच मातीत वास्तव्य करणाऱ्या रोगजंतूंविषयी ही चाचणी काहीही सांगत नाही.

रोगाचे स्वरूप :
बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हा असाच एक जिवाणू आहे. त्यामुळे होणाऱ्या मेलिऑयडोसिस रोगाचे प्रथम वर्णन व्हिटमोर व कृष्णस्वामी यांनी १९१२ साली रंगून येथील रुग्णांवरून केले. भारतातील पहिली नोंद १९९१ सालची, मुंबईतील मानली जाते. त्वचेवरील जखमा, श्वास व दूषित पाणी या मार्गांनी जिवाणू शरीरात शिरतो. मधुमेही व्यक्तींना धोका अधिक असतो. लक्षणे क्षयरोगासारखी भासतात. परंतु क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचाराने हा रोग बरा होत नाही आणि विलंब प्राणघातक ठरू शकतो.

शोधपद्धती :
१. नमुने : हा जिवाणू जमिनीत विषम प्रमाणात विखुरलेला असतो. म्हणून २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत एका क्षेत्रातून १०० नमुने, तेही ३० सेंटिमीटर खोलीवरून घेण्याची शिफारस आहे. मोजक्या नमुन्यांत जिवाणू न आढळणे हा त्याच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.
२. संवर्धन : कोलिस्टिनयुक्त द्रव माध्यमात इतर अनेक जिवाणूंची वाढ रोखली जाते. त्यानंतर ॲशडाउन माध्यमावर काही दिवसांत जांभळ्या, सुरकुतलेल्या वसाहती दिसतात.
३. निश्चिती : ही पीसीआर चाचणीने करता येते. केवळ वसाहतीच्या स्वरूपावर विसंबल्यास तिची गणना सामान्य स्यूडोमोनास म्हणून होऊन ती दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो.

वसाहतीचा वास घेणे कटाक्षाने टाळावे. संशयित संवर्ध योग्य जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेकडेच सोपवावा. महाविद्यालयांना मातीचा सामू व आर्द्रता यांच्या नोंदी, तसेच नमुना-स्थळांचे नकाशे तयार करून या कार्यात सहभागी होता येईल.

समारोप :
मातीतील जिवाणूचा नकाशा हा अंतिमतः वैद्यकासाठी इशारा असतो. तो उपलब्ध झाल्यास पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्या मधुमेही शेतमजुराच्या बाबतीत या रोगाची शंका वेळीच घेतली जाईल. तोपर्यंत चिखलात काम करताना गमबूट वापरणे, जखमा झाकणे व पाणी उकळून पिणे हेच प्रतिबंधाचे सुलभ उपाय होत.