झिणझिण, लटपट, डोलणं आणि खडखड

रेसिंग बाईकचा विषय निघाला की आपल्या कँटीनमध्ये चर्चा होते ती पिकअप आणि टॉप स्पीडची. सीसी किती, बीएचपी किती, बास! बाईक त्या स्पीडला सरळ का राहते, हे कुणी विचारत नाही. मी कॉन्व्हेंटवाला, टेक्निकल मराठी लिहिताना माझी दातखिळी बसते. पण इथे मराठीच कामाला आली. आपण सगळ्याला 'व्हायब्रेशन' म्हणून मोकळे होतो, मराठीत मात्र चार आजारांना चार शब्द मिळतात.

झिणझिण इंजिनाची. आपल्या चाकणला बनलेली केटीएम आरसी ३९० घ्या. ही बाईक २०१४ पासून जर्मनीतल्या एडीएसी ज्युनियर कपमध्ये मुलं रेसला पळवत होती. सिंगल सिलिंडर, स्ट्रोक ६० मिलिमीटर. ९५०० आरपीएमला हिशोब केलात तर पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पटींहून जास्त येतं! एवढा धक्का प्रत्येक फेरीला दोनदा, वर आणि खाली. म्हणून आत बॅलन्सर शाफ्ट उलटा फिरवून तो बराचसा मारतात. उरतं ते हाताला मुंग्या आणतं, पण पाडत नाही.

पाडते ती लटपट, म्हणजे वॉबल. सहार विमानतळावरची ट्रॉली जोरात ढकला, पुढचं चाक फडफडायला लागतं. बाईकचं पुढचं चाकही तसंच, स्टिअरिंगच्या अक्षाच्या थोडं मागे जमिनीला टेकतं. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेलमुळे चाक आपोआप सरळ होतं, पण सरळ होताना पलीकडे जातं, मग परत येतं. हे हेलकावे विझले तर ठीक. सेकंदाला साधारण ६ ते १० वेळा हँडल हलतं. आता १७ इंची चाकाचा घेर धरा १.८४ मीटर. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला ९ फेऱ्या मारतं. म्हणजे चाक आऊट ऑफ बॅलन्स असेल तर नेमकं त्याच तालावर झोके देणार. रेझोनन्स, बॉस! सेकंड इयरला घोकलेला तो हाच.

डोलणं म्हणजे वीव्ह. यात अख्खी बाईक नागमोडी जाते, सेकंदाला २ ते ४ वेळा. हे जास्त स्पीडला होतं आणि स्पीड वाढला की आणखी बिघडतं. चिमट्याचे बुश सैल, मागचा शॉकअप मेलेला, किंवा मागे जड बॉक्स, ही नेहमीची कारणं.

खडखड (चॅटर) मात्र खास ट्रॅकवरची. वळणात झुकलेली असताना टायरच रबरी स्प्रिंगसारखा सेकंदाला २० च्या आसपास उड्या मारतो. सस्पेन्शन ते पचवू शकत नाही आणि ग्रिप जाते.

मग स्टिअरिंग डॅम्पर लावला की झालं? नाही. रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्येच गणिताने दाखवलं होतं की डॅम्परने वॉबल आटोक्यात येतं, पण वीव्ह वाढू शकतं. म्हणून दुकानात चकचकीत डॅम्पर दिसला म्हणून लगेच बसवू नका.

हे सगळं सांगण्याचं कारण, रात्री वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गोरेगाव ते बोरिवली 'टेस्टिंग' करणारे आपल्याच वर्गात आहेत. ट्रॅकवर रनऑफ असतो, इथे डिव्हायडर. हँडल लटपटलंच तर घट्ट पकडून भांडू नका, पुढचा ब्रेक कचकन दाबू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग पुढे झुकवा, थ्रॉटल हळूहळू सोडा. आणि उद्या पार्किंगमध्ये पुढचा ब्रेक दाबून बाईक मागेपुढे हलवून बघा. हँडलच्या मुळाशी 'टक्' वाजलं तर कोनसेट सैल आहे. आधी तो टाईट करून घ्या, मग टायरची हवा आणि व्हील बॅलन्सिंग.