खिडकीतला पुदिना आणि ताटातलं मीठ

भिवंडीत घरं दाटीची. अंगण कुणाला मिळतंय? पण खिडकीच्या जाळीत एक तेलाचा डबा मावतोच, आणि तेवढं पुरतं.

पुदिन्यासाठी बी शोधू नका. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या घ्या, खालची पानं काढा आणि ग्लासभर पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. मग डब्याला तळाशी भोकं पाडून लावा. कोथिंबिरीचे धने मात्र हलके रगडून दोन फोडी केल्याशिवाय पेरू नका, कारण एका धन्यात दोन बिया असतात. मेथी सगळ्यात सोपी, तीन-चार दिवसांत वर येते. यंत्रमागाजवळ राहत असाल तर पानांवर कापसाची धूळ बसते, म्हणून खुडल्यावर दोन पाण्यांतून धुवा.

आता ताटाकडे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. आमटीवर ताजी कोथिंबीर घाला आणि लिंबू पिळा, मीठ कमी पडल्याचं जाणवत नाही. विकतच्या सॉसऐवजी पुदिन्याची चटणी करा. मैद्याच्या पावाऐवजी आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी करून बघा. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. वाढत्या मुलांच्या घरात तर नाचणी हवीच हवी.

उद्या भाजी आणाल तेव्हा पुदिन्याच्या चार काड्या पाण्यात ठेवा.